किल्लीच तर दिली

सोमवार, ३ मार्च

हो म्हणून बसले! नाही म्हणायला जीभच वळत नाही, जुना रोग. भाऊजी दुपारी दुकानात आले तेव्हा मी मशीनवर, तोंडात टाचण्या. "वहिनी, मी सारखा बाहेरगावी असतो. गोदामाची एक किल्ली तुमच्याकडे राहू दे. माझा माणूस येईल, नेईल, संध्याकाळी परत आणून देईल. बस्स." थर्मासचा घाऊक धंदा काढलाय म्हणे. सख्खा दीर. त्याला काय प्रश्न विचारायचे? आणि तोंडात टाचण्या!

घरी यांना सांगितलं. पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "घरचाच माणूस आहे. ठेव की." ठेवली बटणांच्या डब्यात.

गुरुवार, ६ मार्च

माणूस आला. टाय, चकचकीत बूट. "भाऊंची किल्ली." ना ओळख, ना पाळख. पाचला परत आणून दिली. मी त्याचं नाव टायवाला ठेवलंय.

मंगळवार, १८ मार्च

टायवाला चौथ्यांदा. आज किल्ली मागताना पँटही काढली पिशवीतून, उंची कमी करायला. म्हटलं चला, माणसात आला. टेप घेऊन खाली वाकले तर दोन पावलं मागे! "लांबूनच घ्या माप." लांबून पायाचं माप कसं घेतात? पँट गुंडाळली, किल्ली घेतली, गेला. घोट्याजवळ काहीतरी बांधलेलं होतं. मी बघितलं नाही. म्हणजे बघितलं, पण नाही.

शनिवार, २२ मार्च

थर्मास न्यायला येणारा माणूस दर वेळी रिकाम्या हातांनी कसा जातो?

सोमवार, २४ मार्च

आज दुकान बंदच ठेवलं. किल्ली घेऊन गेले गोदामात. फरशीच्या दुकानामागे शटरांची रांग, तिसरं आपलं. कुलूप उघडलं, शटर वर ढकललं — आणि आत खरोखरच थर्मास! खोकीच्या खोकी. एकटीच हसले. उगाच घरच्या माणसावर संशय. एक हातात घेतला, घरी एक चांगला हवाच होता. जड लागला. हलवला, आवाज नाही. बूड फिरवलं तर निघालं. आत पुड्या, टेपने गच्च आवळलेल्या. पांढरी पूड. मीठ कोणी थर्मासच्या बुडात लपवत नाही.

जसाच्या तसा ठेवला. घरी येऊन तीनदा हात धुतले.

यांना सांगितलं. आधी एकच विचारलं, "आणखी कोणाला बोललीस?" नाही म्हटलं. मी म्हटलं, उद्याच किल्ली फेकते भाऊजींच्या तोंडावर. तर म्हणाले, "वेडी आहेस का? मी बोलतो त्याच्याशी. तोवर कोणी मागितली तर गुपचूप दे. दिली नाहीस तर त्यांना कळेल, तुला कळलंय."

बरोबर आहे यांचं. भीतीच वाटली.

बुधवार, २६ मार्च

दिली.

टायवाला किल्ली घेऊन लगेच गेला नाही. "आज हात थरथरताहेत तुमचे."

"मशीनमुळे होतं," म्हटलं.

दुकानभर नजर फिरवली. "छान आहे दुकान. एकट्याच असता ना?"

शुक्रवार, २८ मार्च

धाड पडली. टायवाला शटरपाशीच सापडला, बुधवारी नेलेली, परत न दिलेली किल्ली मुठीत. भाऊजींना घरातून उचललं. दुपारी एक इन्स्पेक्टरबाई दुकानात. वयाने माझ्याहून लहान, आवाज मऊ. टेबलावर प्लास्टिकच्या पाकिटात किल्ली ठेवली. "ओळखता?"

"हो."

"इथून किती जणांना दिली?"

"एकालाच. पण मी कधी कशाला हात लावला नाही हो!"

तिने लिहून घेतलं. गाव सोडायचं नाही म्हणाली. गिऱ्हाईक एक बाई ब्लाउज घ्यायला आली होती, ती दारातूनच परत फिरली.

रविवार, ३० मार्च

सासूबाई दिवसभर एकच, "अगं, किल्लीच तर दिलीस! खून का केलायस?" एक लेक आत, तरी मला धीर देतायत. हेही कधी नव्हे ते चहा करून देतात. हळूच म्हणाले, "माझ्याशी बोललीस हे कुठे सांगू नकोस. दोघंही अडकलो तर आईकडे कोण बघणार?"

खरंच आहे. नाही सांगणार.

मंगळवार, १ एप्रिल

वकीलबाईंकडे गेले. हे बाहेर बाकावर बसले. मी पुन्हा तेच पालुपद, हात लावला नाही, विकलं नाही, गोदाम दुसऱ्याचं. त्यांनी ऐकून घेतलं. मग स्वतःच्या गाडीची किल्ली माझ्यासमोर ठेवली.

"ही मी तुम्हाला दिली. गाडी उचलून दिली का?"

"नाही."

"पण चालवून कोण नेणार?"

"मीच."

"माल हातातून हातात गेला तरच देणं, असं नसतं. दुसऱ्याकरवी पोचवणं, कुठे आहे ते सांगणं, कुलपाची किल्ली हवाली करणं, हेही देणंच. हात न लावता. फक्त एक बघतात, तुम्हाला माहीत होतं का?"

"आधी नव्हतं."

पेन थांबलं. "कळल्यावर किती वेळा दिलीत?"

"एकदाच."

"एकदा पुरतं," म्हणाल्या. "स्वतःहून दिलीत, की कोणी सांगितलं म्हणून? आठवून सांगा. फार फरक पडतो."

दाराच्या काचेतून यांची पाठ दिसत होती.

"स्वतःहून," म्हटलं.

शुक्रवार, ४ एप्रिल

पुरवणी जबाब. इन्स्पेक्टरबाईंनीही तेच विचारलं, वर घरात कोणाला माहीत होतं का? नाही म्हटलं. सही केली. बाहेर आल्यावर यांनी माझा हात धरला, रस्त्यात! लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पहिल्यांदा. पाचावर धारण बसलेली असूनही लाजले मी.

सोमवार, ७ एप्रिल

हे सकाळी कामाला म्हणून गेले, कचेरीतून फोन आला की आलेच नाहीत. संध्याकाळी विचारलं तर, "डोकं फिरलं होतं, चालत होतो." जेवले नाहीत. माझ्याकडे बघितलंही नाही. किती मनाला लावून घेतात!

बुधवार, ९ एप्रिल

वकीलबाईंचा फोन. एक जण माफीचा साक्षीदार झालाय. सगळं कबूल करून साक्ष देणार, शिक्षा माफ. गोदामाचा भाडेकरार त्याच्याच नावावर निघाला. जबानीत म्हणतो, धंद्यातलं मला आधी काही ठाऊक नव्हतं, कळल्यावर गप्प बसलो एवढाच गुन्हा, किल्ली दुकानात ठेवायची युक्ती बाईचीच.

"भाऊजी असं म्हणाले?"

"दीर नाही हो. तुमचे मिस्टर."