मावुंकलच्या दोन एलियाम्मा

वेळ्ळप्पारा,
९ जानेवारी

येशूची स्तुती असो.

चि. सौ. लिसीस ओमनाचे अनेक आशीर्वाद. चारच महिन्यांनी मोठी असले तरी आशीर्वाद माझ्याकडूनच येणार, त्याला इलाज नाही.

पत्राला उशीर झाला म्हणून रुसू नकोस. फोन केला असता, पण फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने रचतेस. मागच्या वेळी मी वेलची सुकत घातलीय म्हटलं, तर तू मला सर्दीवर काढा सांगितलास.

आमच्या हॉस्पिटलात संगणक आलाय. एखाद्या खोलीत गुमान बसला असता तर माझी तक्रार नव्हती. पण तो प्रत्येक वॉर्डात आलाय, औषधांच्या खिडकीवर आलाय, ऑपरेशनच्या दारात आलाय. १० फेब्रुवारीपासून कागद बंद. सगळ्या फायली गोदामात जाणार आणि पेशंटचा ताप, औषध, लघवीसुद्धा पडद्यावर लिहायची. त्यासाठी ड्युटी संपली की शिकवणी. शिकवायला कोचीहून अपर्णा नावाची मुलगी आलीय. स्वभावाने इतकी गोड की तिच्यावर धड रागावताही येत नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. काहीही विचारलं की मोठ्या बहिणीला म्हणावं तसं म्हणते, सोप्पंय चेची, फक्त तीनदा दाबायचं. तीनदा दाबलं की चौथीच खिडकी उघडते आणि मला विचारते, नक्की ना? अगं, मला नक्की असतं तर तुला कशाला विचारलं असतं?

आता आडनावाचं ऐक. यंत्राला आडनाव लागतं. मी अपर्णाला म्हटलं, आमच्या डोंगरात आजारी माणूस आला की आधी विचारतात कुठल्या घरचा, मग विचारतात कुणाचा, आणि मग कुठे दुखतंय. ती म्हणाली, मग घराचं नाव टाका आडनावात, झालं. मी म्हटलं, झालं कसं? माझा बाप आणि त्याचा सख्खा भाऊ, दोघांनी रिवाजाप्रमाणे पहिल्या मुलीला आपल्या आईचं नाव दिलं. त्यामुळे मावुंकल घरात एलियाम्मा दोन. एकीला ओमना म्हणतात आणि एकीला लिसी, म्हणून बरं, नाहीतर जेवायला एकीलाच वाढलं असतं. हाक मारायच्या नावाचा रकाना कुठाय? तर नाहीच म्हणे. जन्मतारखेवरून ओळखायचं. आणि जुन्या लोकांच्या तारखा कुणाला माहीत नाहीत म्हणून सगळ्यांना १ जानेवारी दिलीय! आपण दोघी आता जुळ्या झालो, केक काप.

हसू नकोस, पुढचं हसण्यासारखं नाही. हॉस्पिटल चालवणाऱ्या फादर मॅन्युएलनी सांगितलंय, १० तारखेपर्यंत जी परीक्षा पास होणार नाही, ती माझ्यासारखी मेट्रन असली तरी तिला वॉर्डात जागा नाही, तिने कपड्यांच्या खोलीत बसायचं. मी एकदा नापास झालेय. माझ्या हाताखाली शिकलेली शाइनी पहिल्या फटक्यात पास. निवृत्तीला एक वर्ष राहिलंय, लिसी. सगळा जन्म पेशंटच्या उशाशी काढला आणि आता शेवटी उशांचे अभ्रे मोजायचे?

तुझ्या नवरोबांना, बेबिच्चायनना नमस्कार. तुझं पोट कसं आहे ते खरं खरं कळव. मायेत काटकसर करू नकोस, बाकी सगळ्यात चालेल.

तुझी,
ओमना


पाला,
१७ जानेवारी

ती. ओमनचेचीस लिसीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र बेबिच्चायनना मोठ्याने वाचून दाखवलं. ते इतके हसले की बिनदुधाचा कट्टन चहा शर्टावर सांडला. ते म्हणतात, ओमनाला परीक्षेला बसवणाऱ्या माणसाला शौर्यपदक द्यायला हवं. शाळेत तू गणिताच्या पेपरात प्रश्नच चुकीचा आहे असं लिहून आली होतीस, ते मी विसरलेले नाही. तुझ्या पत्रात शुद्धलेखनाच्या सात चुका आहेत, पण यंत्रावरच्या रागात झाल्या असतील म्हणून माफ.

एक सुचवू? सरावाला खोटा पेशंट लागत असेल ना? स्वतःचंच नाव घाल. स्वतःला हवे ते रोग दे, कुणाला वाईट वाटायचं कारण नाही. आम्ही मुलांना निबंध असाच शिकवायचो, आधी स्वतःबद्दल लिहा म्हणून.

पोटाचं विचारलंस. खडाच आहे. डॉक्टर म्हणतात, पित्ताची पिशवी काढून टाका. हे म्हणतात, कोट्टयमच्या मोठ्या हॉस्पिटलात जाऊ. मी सांगितलं, मरायचं तर ओमनाच्या हातून, जगायचं तरी ओमनाच्या हातून. तेव्हा मी ९ फेब्रुवारीला, रविवारी, प्रार्थनेनंतर येते.

मला भीती ऑपरेशनची नाही, त्या इंजेक्शनची आहे. जोजीच्या वेळी, पहिलं बाळंतपण माहेरचं म्हणून तुझ्याच हॉस्पिटलात, ते पेनिसिलीन टोचलं आणि माझा गळा बंद होत गेला, आठवतं? बाळाचं रडणं ऐकू येत होतं आणि मला श्वास घेता येत नव्हता. तू माझ्या छातीवर हात ठेवून रात्रभर बसली होतीस. माझ्या फायलीवर तू लावलेली लाल चिठ्ठी अजून आहे ना? ती गोदामात जाऊन बसली तर माझं काय?

कानातलं यंत्र घालतेस का, असं विचारशील म्हणून आधीच सांगते, ते बिस्किटांच्या डब्यात सुरक्षित आहे. घातलं की माझीच चटणी मला दगड चावल्यासारखी ऐकू येते. माझं त्याच्यावाचून काही अडत नाही. समोरचा काही बोलला की मान हलवायची, लोक खूश होतात.

तुझा राग शांत होवो, पण पत्रातला मजकूर कमी न होवो, एवढीच इच्छा.

तुझी धाकटी (चार महिन्यांनी),
लिसी


वेळ्ळप्पारा,
२९ जानेवारी

चि. सौ. लिसीस अनेक आशीर्वाद.

दुसऱ्यांदा नापास झाले. यावेळी मी जुलाबाच्या पेशंटला प्रसूतिगृहात पाठवलं. पेशंट पुरुष होता. शाइनी तोंडात पदर कोंबून हसत होती. मी तिला पहिल्यांदा सलाइन लावायला शिकवलं, तेव्हा तिने ते उशीला लावलं होतं, हे मी सगळ्यांसमोर सांगितलं. मग पदर तोंडातून बाहेर आला.

पण काल मात्र मी तुझं ऐकलं. यंत्रात दोन कोठ्या आहेत, एक सरावाची, एक खऱ्याची. दोन्ही सारख्याच दिसतात, फक्त वर पट्टी एकीला निळी, एकीला हिरवी. हिरवीत गेले, नाव घातलं, तर एलियाम्मा मावुंकल आधीच तयार! अपर्णाने स्टाफची नावं सरावाला घालून ठेवली असणार, गुणाची आहे पोर. मग काय, मी स्वतःला रक्तदाब दिला, मधुमेह दिला, खाटेवर घातलं आणि शेवटचा धडा मृत्यूचा होता, तर सरळ मारून टाकलं. कारण विचारलं, त्यात लिहिलं, संगणकाला कंटाळून. नक्की ना, असं त्याने चारदा विचारलं. पहिल्यांदाच मला अगदी नक्की होतं! इतकं बरं वाटलं की घरी जाऊन कप्पाचे उकडलेले कंद आणि मासळीचं कालवण दोनदा वाढून घेतलं.

आता तुझी लाल चिठ्ठी. ते काम मी दुसऱ्या कुणावर सोपवलं नाही. निळ्या पट्टीत जाऊन तुझं नाव माझ्या हातांनी घातलं, घराचं नाव घातलं, आणि पेनिसिलीनचा धोका तांबड्या अक्षरांत चढवला. एका बोटाने लिहिलं, पण चूक नाही. तेव्हा फाइल गोदामात जाऊ दे नाहीतर समुद्रात. तू आता पडद्यावर आहेस. मी यंत्राला इतक्या शिव्या दिल्या, पण ही एक गोष्ट त्याच्यावर सोडलीय. कागदावरची चिठ्ठी सुटून पडू शकते, हे अपर्णाचं म्हणणं मला पटलं. हे तिला सांगू नकोस.

रविवारी येताना कानातलं यंत्र आण. शाइनी भरभर बोलते. माझी तिसरी आणि शेवटची परीक्षा नेमकी सोमवारी सकाळीच आहे, त्यामुळे तुला ऑपरेशनला आत नेतील तेव्हा मी जवळ नसेन. पण पोरी माझ्या हाताखालच्या आहेत, काळजी नको.

वाट बघतेय. माया पत्रात न मावेल तेवढी आहे, उरलेली भेटीत.

ओमना


सर्जिकल वॉर्ड, खाट खिडकीजवळची,
१३ फेब्रुवारी

ती. ओमनचेचीस सा. न. वि. वि.

एकाच इमारतीत राहून पत्र लिहायची वेळ आणलीस. ऑपरेशन होऊन तीन दिवस झाले, खडा डबीत घालून मला दाखवला, सगळे येऊन गेले, अगदी फादरसुद्धा. एक तू येत नाहीस. शाइनी सांगते, तू आपणहून कपड्यांच्या खोलीत जाऊन बसलीस, राजीनामा लिहिलास आणि कुणाशी बोलत नाहीस. म्हणून हे पत्र तिच्याच हाती धाडते.

सोमवारी काय झालं ते माझ्या बाजूने ऐक, कारण तू तुझीच बाजू उगाळत बसली असशील. पहाटेच माझी फाइल गोदामात गेली. मग शाइनी येऊन काहीतरी विचारून गेली. आता कळतं, तिने विचारलं होतं, कुठलं इंजेक्शन चालत नाही असं काही नाही ना? मी मान हलवली. ती खूश होऊन गेली. कानातलं यंत्र अर्थात बिस्किटांच्या डब्यात, घरी. हा दोष कुणाचा, सांग बरं?

त्यानंतर सगळीकडे एलियाम्मा, एलियाम्मा सुरू झालं. मला वाटलं, तुलाच शोधतायत! जन्मात कुणी मला एलियाम्मा म्हटलंय का? म्हणून मी निवांत पडून राहिले. औषधांच्या खिडकीवरच्या माणसाने म्हणे शाइनीला हाकलून लावलं, ही बाई मेलीय, मेलेल्याला औषध देता येत नाही, पडदाच देऊ देत नाही. शाइनी म्हणाली, मेलेली बाई आत्ता माझ्याकडे आरसा मागत होती. तो म्हणाला, ते मला सांगू नकोस, यंत्राला सांग. मग तिने शेजारच्या वॉर्डातून कुपी उसनी आणवली आणि एका पोरीला तुझ्याकडे धाडलं, मेट्रनला सांग, मेलेला माणूस जिवंत कसा करायचा ते येऊन दाखवा.

मला दिसलं ते एवढंच. शाइनी सुई वर धरून उभी होती. आणि लांबून तुझा आवाज आला, लिसीऽऽ! ज्या कानाने मला देवळातली घंटा ऐकू येत नाही, त्या कानाने ऐकला. मी ओ दिली आणि उठून बसले. सुईखालून दंड निसटला. मग तू आलीस, साडी सुटलेली, एका पायात चप्पल नाही, आणि शाइनीच्या हातातली सुई हिसकून भिंतीवर फेकलीस.

आता मुकाट्याने वर ये. जखम ओढते, मला हसता येत नाही, म्हणून तुला भेटायची ही चांगली वेळ आहे.

माया आहेच, ती कपड्यांच्या खोलीत घडी घालून ठेवू नकोस.

लिसी


कपड्यांची खोली,
१३ फेब्रुवारी, दुपार

चि. सौ. लिसीस आशीर्वाद. मागच्या पत्रापेक्षा शंभरपट जास्त.

तोंड दाखवायची लाज वाटते, म्हणून हेही पत्रानेच. पोरगी धावत आली तेव्हा मी परीक्षेच्या अर्ध्यात होते. वैतागून तिच्यासमोरच तुझं नाव उघडलं. मृत्यू. कारण: संगणकाला कंटाळून. माझेच शब्द! आणि वर हिरवी पट्टी. लिसी, हिरवी खऱ्याची होती आणि निळी सरावाची. ती एलियाम्मा मी नव्हते, तुझ्या बाळंतपणाच्या फायलीवरून आलेली तू होतीस. मी तुला खऱ्या कोठीत मारलं आणि तुझी चिठ्ठी खोट्या कोठीत लावली. खाली डॉक्टरांनी लिहिलेलं, खिडकीवर अडलेलं इंजेक्शन पेनिसिलीनचंच होतं, आणि धोक्याचं एक अक्षरही नव्हतं. त्यानंतर जिना कसा उतरले, आठवत नाही.

चिठ्ठी चुकली म्हणून तू मरत होतीस, आणि तुला आधीच मारून ठेवलं होतं म्हणून वाचलीस. खिडकीवरच्या त्या माणसाने तुला मेलेली मानलं नसतं, तर शाइनीने धाडलेली पोरगी माझ्याकडे आलीच नसती. यावर रागवावं की गुडघे टेकावे, मला कळत नाही. दोन्ही करून पाहिलं.

राजीनामा फादरनी परत पाठवला. म्हणाले, आधी तुझा मुडदा उठव, मग बोलू. मेलेल्याला जिवंत करायला यंत्राला दोघांची मंजुरी लागते. फादर म्हणाले, प्रभूने मेलेल्या लाजरसाला कबरीतून उठवलं तेव्हा कुणाची सही लागली नव्हती. पण त्यांनी केली, डॉक्टरांनीही केली. अपर्णा रडत होती. मी तिला जवळ घेतलं आणि तेवढ्यात हाक मारायच्या नावाचा रकाना मागून घेतला. आता पेशंटला आधी विचारतात, घरी काय म्हणतात? तुझ्या रकान्यात पहिलं नाव पडलं, लिसी. पट्ट्याही बदलल्या. सरावाच्या कोठीवर आता भोपळ्याएवढ्या अक्षरांत सराव असं लिहिलंय. परीक्षा मला पुन्हा द्यायचीय आणि मी देणार आहे. वॉर्ड सोडणार नाही. तू मात्र कानात यंत्र घालणार आहेस, हे मी ठरवलंय. बेबिच्चायन उद्या डबा घेऊन येतायत. बिस्किटांचाच.

तुझी सगळी नोंद मीच नीट केली, एका बोटाने. शेवटी यंत्राने विचारलं, मृत्यू रद्द करण्याचं कारण? अपर्णा म्हणाली, नजरचूक असं लिहा चेची. मी ते लिहिलं नाही. मी लिहिलं, घरच्या नावाने हाक मारली, ओ दिली.

त्याने विचारलं, नक्की ना? मी हो म्हटलं.

हे अभ्रे घडी करून झाले की वर येते. आरसा घेऊन.

तुझी,
ओमना