बंद माइकपुढचं भाषण

ती. दादास,

धाकटीचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे वाकलेलीच आहे.) तुझा रक्तदाब काय म्हणतो? तू आणि वहिनी वेगळं व्हायची बोलणी करताय, ती पोरीच्या कानांवर नकोत म्हणून भिंगरीला माझ्याकडे धाडलंत, ते बरं केलंत. पोर मजेत आहे. माझं मात्र तिने भर सभेत हसं केलं, ते ऐक.

मुलांच्या हक्कांचा कायदा सुधारायला समिती नेमली आहे, हे तुला ठाऊक असेलच. (नसेल, तर वकील बहीण असून उपयोग काय!) आईबाप वेगळे होताना मुलाने कुठे राहायचं हे ठरवण्याआधी त्याला विचारलंच पाहिजे, असं कायद्यात घाला, एवढंच माझं म्हणणं. आत्ता कोर्टाच्या मनात आलं तर विचारतात, नाहीतर कपाटाबरोबर पोरही वाटणीत जातं. तर सुनावणीला मला बोलावलं. घरी कोणी नाही म्हणून भिंगरीलाही नेलं आणि बजावलं, मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलायचं नाही.

मग मी जी सुटले म्हणतोस! मुलालाही मन असतं, त्याचं ऐका हो, ऐका! टेबलावर मूठसुद्धा आपटली. लांबलचक दालन, डोक्यावर घरघरणारे पंखे, आणि ही बया सारखी माझ्या कोटाची बाही ओढतेय. आधी डोळे वटारले, मग हळूच चिमटा काढला. (हो, मुलांच्या हक्कांवर बोलता बोलताच. दात काढू नकोस.) समोरची मंडळी माना डोलवत होती. मला वाटलं, जिंकलं!

मी खाली बसले, तशी अध्यक्षबाईंनी भिंगरीला जवळ बोलावून विचारलं, "तुला काय सांगायचं होतं गं?"

"माइक बंद होता. मी कधीची सांगतेय, पण आत्या बोलूच देत नाही."

सगळे पोट धरधरून हसले. "वकीलबाई, आता मुद्दा पटला," म्हणत अध्यक्षबाईंनी माझी लेखी दिलेली मागणी शिफारशीत घेतली. एवढ्या तयारीचं भाषण गेलं वाऱ्यावर, काम केलं चिमट्याने!

तुझी,
धाकटी

ता.क. भिंगरीचे बूट लहान झालेत. नवे घेतले.

दुसरा ता.क. कायदा व्हायचा तेव्हा होईल. तिने कुठल्या वारी कोणाकडे राहायचं, हे तुम्ही दोघांनी वाटूनही घेतलंत म्हणे. तिला विचारलंत? मीही नव्हतं रे विचारलं, धीरच होईना. शेवटी काल जेवताना म्हटलं, बाबाला काय कळवू? ताटातून मान वर न करता म्हणाली, "तू काही कळवू नकोस. दोघांनाही इथे बोलाव. आणि मी बोलत असताना मध्ये बोलायचं नाही म्हणावं."