काचेआडून

तीर्थरूप बाबा,

इथूनच वाकून नमस्कार. मी मजेत आहे. मास्क, हातमोजे न चुकता घालते.

आज प्रयोगशाळेतल्या बाटलीत क्षयाचे जंतू उगवले! फ्लॉवरच्या तुऱ्यासारखे, पिवळट, खडबडीत. दिवसातून जेमतेम एकदा एकाचे दोन होतात, म्हणून सहा आठवडे थांबावं लागलं. वीस वर्षं हेच बघतेय, तरी आज तोंडात बोटच गेलं असतं. मास्क होता म्हणून बरं!

तुमचा खोकला पुन्हा सुरू झालाय, असं आई म्हणाली. थुंकी तपासून घ्याल ना?

मी लहान असताना तुम्हाला क्षय झाला. तुम्ही मला जवळ घेत नव्हतात, म्हणून मी रुसायचे. तुम्ही खिडकीच्या काचेआडून माझा खेळ बघत बसायचात. इथे बाटलीच्या काचेआड बघत थांबताना सहा आठवड्यांतच माझा जीव मेटाकुटीला आला, बाबा. तुम्ही दीड वर्ष कसं काढलंत?

तुमचीच,
रुसूबाई