बादली कुठे जाईल?

१२ जानेवारी

प्रिय ताई,

धाकटीचा नमस्कार. आईचा खोकला उतरलाय. समोर बोलले तर माझा आवाज चढेल, म्हणून लिहिते.

हे पत्र मुख्याध्यापिकाबाईंना नाही. शाळेची सगळी वर्षं माना उंचावून दुसऱ्याच्या हातातला प्रयोग पाहत बसलेल्या आपल्या दोघींना आहे. सर गोळा सोडणार, सरच निष्कर्ष सांगणार, आपण तो सुवाच्य अक्षरात उतरवणार. तेव्हा जास्त चिडायचीस तू. आणि शुक्रवारी तूच नोटीस लावलीस: प्रयोग शिक्षक करतील, मुले पाहतील.

काच फुटली हे खरं. बादलीत थोडं पाणी घेऊन, दोरीने स्वतःभोवती गरगर फिरवायची आणि पाणी का सांडत नाही ते शोधायचं, असा तास होता. मी विचारलं, दोरी सोडली तर बादली कुठे जाईल? सगळे म्हणाले, आपल्यापासून लांब, बाहेरच्या बाजूला. एकच मुलगी म्हणाली, नाही, सुटताना जिकडे चालली असेल तिकडेच, सरळ. वर्ग खो खो हसला, शिपाईकाकासुद्धा. पुढच्या क्षणी बादली सरळ निघाली ती तुझ्या ऑफिसच्या खिडकीतून आत.

कोणाच्या हातून सुटली, असं तू विचारलंस. मी आईच्या खोकल्याचं काढलं. वर्गही गप्प राहिला. एवढी एकी त्यांनी कवायतीतसुद्धा दाखवलेली नाही.

ताई, बादली सुटली नव्हती. सोडली होती. तुझ्या लेकीने.

त्या रात्री जेवताना तू म्हणालीस म्हणे, असल्या कार्ट्यांचे हात बांधून ठेवायला हवेत. तिने खाली मान घालून जेवण संपवलं. काल माझ्याकडे आली.

"मावशी, मी बरोबर होते ना?"

"शंभर टक्के."

"मग आईला तूच सांग. मला नाही जमणार."

काचेबद्दल तिला खुशाल रागव, मी मध्ये पडणार नाही. पण शुक्रवारपासून ती वर्गात हाताची घडी घालून बसते, आणि विचारलं तर म्हणते, "तुम्हीच सांगा." असलं शहाणपण मला एकाही मुलात नको आहे, तिच्यात तर नाहीच.

उद्या प्रार्थना संपली की मैदानाच्या मधोमध ये. भिंती लांब असतील, बादलीऐवजी दोरीला कापडी चेंडू असेल. तो कुठे जाईल ते आधी तिला विचार. मग सगळ्या शाळेसमोर, तुझ्या हाताने, दोरी सोड.

तुझी धाकटी,
आणि तुझ्या लेकीची बाई