शाखेचा आवाज येत नाही

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. कर्तबगार माणसाच्या आयुष्याच्या नोंदी दुसऱ्यांनी केल्या की काय गोंधळ होतो, ते मी भरपूर चरित्रं वाचून पाहिलं आहे. म्हणून माझ्या मीच करतो.

कंपनीने नवी शाखा काढली. तिथले फोन मुख्य ऑफिसच्या, म्हणजे माझ्या, सर्व्हरवरून इंटरनेटने चालणार. शाखेतले कॉम्प्युटर सांभाळायला साहेबांनी माणूस नेमला. कोण, तर माझा साडू. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. जगात दुसरा कोणी शिल्लक नव्हता. महिनाअखेरीस दोन्हीकडचा मिळून एकच विभाग होणार आणि त्याला एकच प्रमुख. तुम्हा दोघांपैकी एक, असं साहेब म्हणाले. मी म्हटलं, ठीक.

मी कोणाचा हेवा करत नाही. हेवा हे दुबळ्या मनाचं काम.
संकल्प: साडूचा विचार दिवसातून एकदाच, चहाच्या वेळी.

४ फेब्रुवारी
चहा चार वेळा घ्यावा लागला.

शाखेचे फोन सुरू झाले. रिंग वाजते, फोन उचलला जातो, आमचं बोलणं तिकडे ऐकू जातं. तिकडचं इकडे येत नाही. नुसती शांतता.

तांत्रिक नोंद: सर्व्हर फक्त फोन जोडून देतो. पुढचं बोलणं इकडून तिकडे वाहून नेणारा प्रोग्राम वेगळा, त्याला मीडिया प्रॉक्सी म्हणतात. तो मी स्वतः बसवला आहे, तोही एका बैठकीत. सबब दोष तिथे असूच शकत नाही. उरलं कोण? शाखा. आणि शाखेत कोण बसलंय?

५ फेब्रुवारी
शास्त्रशुद्ध चाचणी घेतली. माझ्या टेबलावरून शेजारच्या रिसेप्शनच्या टेबलावर फोन लावला. आवाज दोन्ही बाजूंनी खणखणीत. रिसेप्शनवरच्या बाई म्हणाल्या की तुमचा आवाज मला फोन न उचलताही येतो. कौतुक म्हणून नोंद करतो.

साहेबांना ठणकावून कळवलं, आमच्याकडे सगळं चोख आहे. ते म्हणाले की बघतो, आणि शाखेत जाऊन बसले. आता साडूची धडगत नाही.

६ फेब्रुवारी
साडूच्या मेल येत असाव्यात. येऊ देत. त्याची मेल आपोआप ‘नंतर बघू’ या फोल्डरमध्ये जाईल अशी सोय मी गेल्या वर्षीच केली आहे, त्याने नवीन गाडीचे फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवले तेव्हा. चौदा फोटो. एक नुसता डिकीचा.

संध्याकाळी बायको सांगत होती की धाकटीचा फोन होता, तिचे हे म्हणत होते की तुमच्या सर्व्हरमध्ये काहीतरी पत्ता. मी तिथेच थांबवलं. घरात ऑफिसचा विषय नको, हे माझं तत्त्व आहे. मग अर्धा तास तिला ऑफिसमध्ये माझ्यावर होणारा अन्याय समजावून सांगितला.

१० फेब्रुवारी, सोमवार
शाखेला रोज सकाळी चाचणीचा फोन करतो. नुसतं हॅलो हॅलो करणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून चार शब्द बोलतो. आजचा विषय, कर्तव्य आणि कामचुकारपणा. वीस मिनिटं बोललो. समोरून हूं की चूं नाही.

विचार करता ही व्यवस्था आदर्श आहे. आपलं सगळं पोचतं, उलट उत्तर येत नाही. साडूला आजवर कोणी असं निरुत्तर केलं नसेल.

११ फेब्रुवारी
सासूबाईंनी धाकट्या जावयासाठी स्वेटर विणला. निळा. थोरल्या जावयाला, म्हणजे मला, तो फोटोत दाखवला. छान आहे म्हणालो. मला स्वेटर आवडत नाहीतच, घशाशी टोचतात.

आजच्या फोनवर बोलताना विषय ओघानेच स्वेटरकडे गेला. लोकर, लाचारी आणि तरुण पिढी. बोलणं रंगलं.

१३ फेब्रुवारी
केलेले उपाय: केबल बदलली. हेडफोन बदलले. आवाजाचं बटण पूर्ण वर नेलं. सर्व्हर तीनदा बंद-चालू केला. तिसऱ्या वेळी अकाउंट्सवाल्यांचा एका ग्राहकाशी चाललेला फोन तुटला आणि ते माझ्यावर ओरडले. क्रांतीला किंमत असते, असं त्यांना सांगितलं. त्यांना पटलं नाही. अकाउंट्सचे लोक.

मीडिया प्रॉक्सीला हात लावला नाही. तत्त्व.

१४ फेब्रुवारी
जेवताना बायकोने भाजी वाढली आणि वाटेत उभीच राहिली. म्हणाली, आज ऐकूनच घ्या. धाकटीच्या नवऱ्याने तिला सांगितलं, तिने हिला सांगितलं. माझा प्रॉक्सी म्हणे शाखेला स्वतःचा पत्ता ऑफिसच्या आतला देतो, तो पत्ता बाहेर कोणालाच सापडत नाही. हा माणूस हेच आठवडाभर फोनवर ओरडून सांगतोय, पण माझ्यापर्यंत पोचत नाही. मेलला मी उत्तर देत नाही.

मग हिने स्वतःची भर घातली. “पाहुण्याला पत्ता देताना मागची खोली, खिडकीपाशी, एवढंच सांगितलं तर तो येईल का?”

मी हसलो. गृहिणीची भाबडी उपमा. बायको कॉलेजात भूगोल शिकवते, पण घरी असताना गृहिणीच.

१५ फेब्रुवारी, शनिवार
झोप नीट नाही. मागची खोली, खिडकीपाशी.

१७ फेब्रुवारी, सोमवार
सकाळी ९.४० वाजता, दीर्घ आणि संपूर्णपणे स्वतंत्र चिंतनानंतर, मला एकट्याला शोध लागला. मीडिया प्रॉक्सी शाखेला ऑफिसचा आतला पत्ता देतो आहे. शाखेचा आवाज त्या पत्त्यावर निघतो आणि वाटेतच हरवतो. तिथे बाहेरचा, सगळ्या जगाला ठाऊक असलेला पत्ता हवा. आपल्याकडे हे कोणाच्याच लक्षात आलं नाही, याचं वाईट वाटतं.

एक ओळ बदलली. प्रॉक्सी परत सुरू केला. श्रेय कोणाशी वाटून घ्यावं लागू नये, म्हणून कोणालाही आधी सांगितलं नाही. साहेब शाखेतच आहेत. फोन लावायचा, त्यांचा आवाज ऐकायचा आणि त्यांना तिथल्या तिथे चकित करायचं, असा बेत. भाषणाची सुरुवातही तयार केली. प्रमुखपदाचा प्रश्न आजच निकालात निघेल.

तोच दिवस, दुपार
फोन लावला. तिकडे स्पीकरवर उचलला गेला. मी घसा साफ केला, तेवढ्यात पलीकडून आवाज आला. स्वच्छ. खुर्ची सरकल्याचासुद्धा.

शाखेतलं कोणीतरी म्हणालं, आले बुवा, आज काय विषय आहे? चारपाच जण हसले. मागच्या आठवड्यातलं लोकर आणि लाचारी कोणाला तरी तोंडपाठ होतं.

मग साहेब. “बोलू दे त्यांना. त्यांना कुठे आपलं ऐकू येतंय.” आणि त्याच सुरात पुढे, “तर एक तारखेपासून दोन्हीकडचं तुम्हीच बघा. त्यांना सांगायचं कसं, तेवढं बघावं लागेल.”

 साडू म्हणाला, “मी सांगतो, साहेब. पण त्यांना सर्व्हरवरून हलवू नका. उभा त्यांनीच केलाय, फार मेहनतीने. आणि दादा मनाने वाईट नाहीत हो.”

निदान वाईट तरी बोलायचं होतं त्याने.

मी फोन हळूच ठेवला. रिसेप्शनवरच्या बाईंनी विचारलं की आवाज आला का. अजून प्रयत्न चालू आहेत, असं सांगितलं.

संध्याकाळ
घरी आलो.  बायकोने चहा नेहमीच्या कपाऐवजी मोठ्या मगमध्ये दिला आणि समोर येऊन बसली. म्हणजे धाकटीचा फोन येऊन गेला होता.