बिनकॅल्शियमचं पाणी

तुर्कू, जूनअखेर

प्रिय सिर्कू,

फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितेय. फाडू नकोस हं, आधी वाच. डोकं इतकं फिरलंय की आज कॉफीच्या सुट्टीत वेलदोड्याचा पावसुद्धा घशाखाली उतरला नाही. आणि मी पाव सोडणारी नाही, तुला माहीत आहे!

तू प्रयोगशाळा सोडून बाबांच्या गोठ्यावर गेलीस, तेव्हा तुझं काम माझ्या गळ्यात पडलं. तेच सगळं: माणसाच्या आतड्याच्या पेशी आठवडेच्या आठवडे पोसायच्या, त्यांच्यावर दह्यातले जंतू सोडायचे, न चिकटलेले धुऊन काढायचे, राहिलेले मोजायचे. राहतंय कोण? कुणी नाही! तुझ्या वेळी आपला प्रयोगशाळा-प्रमुख रायमो सगळ्यांसमोर म्हणाला होता ना, "बाई गं, धक्क्यावर सतरंज्या धुतेस का? जरा हलक्या हाताने!" मी तान्ह्या बाळाचं तोंड पुसावं तसं धुतलं. तरी पाटी कोरीच.

परवा चिडून धुण्याच्या पाण्याच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं. अगं, त्यात कॅल्शियमच नाही! मॅग्नेशियमही नाही. पेशी बशीच्या तळापासून सुट्या करायला वापरतो ते पाणी, आणि त्यानेच आपण चिकटलेले जंतू धूत होतो. कॅल्शियमवाली आणि ही, दोन्ही बाटल्यांची झाकणं सारखीच, कपाटात शेजारीशेजारी रायमोनेच ठेवलेल्या. हे जंतू कॅल्शियमच्या आधाराने पेशींना धरून राहतात; तेच काढून घेतलं तर बिचारे सुटणारच. मग कॅल्शियम असलेलं पाणी घेतलं आणि मुद्दाम खसाखसा धुतलं. सिर्कू, ढिगाने चिकटून बसले होते गं! मी एकटीच ओरडले.

रायमोला सांगितलं. पाव चावत म्हणतो, "वा, झालं की काम! लिहायला घे." तुझं नावसुद्धा काढलं नाही. सिर्कूचं काय, विचारलं, तर म्हणे, "ती स्वतःहून गेली. झालं गेलं विसरा." विसरा काय, कप्पाळ! त्या टोमण्यापायी तू वर्षाचं काम आणि पदवी टाकून गेलीस. माझा नुसता संताप होतोय.

जुलैत सगळे सुट्टीवर पांगतील, म्हणून घाई. सोमवारी नव्या पेशी तयार होतायत. मी त्यांना हात लावणार नाही, आणि एक ओळही लिहिणार नाही. सकाळच्या गाडीने ये. रायमोला मी शेजारी उभा करते. त्याच्यासमोर तू धू, अगदी धक्क्यावर सतरंज्या धुतात तशी. मोजू दे त्यालाच.

तुझीच, वाट बघणारी,
हेल्का