बटन दाबून धरणे

३ जुलै २००६, सोमवार. बाळापूर.
कॉम्प्युटरचं पॉवरचं बटन गेलं. दाबलं की आत जातं, बोट काढलं की बाहेर. पूर्वी आत जाऊन बसायचं. बारीकसा बिघाड. तहसीलसमोरचा दुसरा कोणी अर्जनवीस घाबरला असता. (दुसऱ्या कोणाकडे कॉम्प्युटर नाही, हा भाग वेगळा.) मी अमरावतीला तीन महिन्यांचा कोर्स केलेला आहे. उद्या दुपारपर्यंत दुरुस्ती.
हातातलं काम : सोयाबीन उगवलं नाही म्हणून तक्रारी अर्ज, सत्तावीस. सगळे नदीपलीकडच्या एकाच गावचे. कृषी कार्यालयात द्यायची शेवटची तारीख सतरा. चौदा दिवस आहेत. भरपूर.

४ जुलै
दुपारी वेळ मिळाला नाही, झोप लागली. संध्याकाळी बटनाच्या फटीत आगकाडी खुपसली. उत्तम बसलं. वीस मिनिटांनी काडी मोडली, मशीन बंद. अडीच अर्ज गेले. मधूनमधून सेव्ह करायला हवं होतं असं आमची सौ. गोदावरी म्हणाली. तिला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही.

५ जुलै
अकोल्याच्या इमरानला फोन केला. सल्ला म्हणून नाही, सहज. तो जुनी मशीनं दुरुस्त करतो. म्हणाला, वसंतभाऊ, तुमचं डबडं फार जुनं आहे, त्याच्या बटनात घरातली मेन लाईन येते. आत चार वायरी, दोन-दोनच्या जोडीनं. जोडी चुकली की भडका. हात लावू नका, मी गुरुवारी तेराला येतो. मी म्हटलं, तसदी घेऊ नका. हे लोक स्वतःचं महत्त्व वाढवतात.

७ जुलै
लोडशेडिंग सकाळी नऊ ते तीन. लाईन असते तेव्हाच काम. कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येतात. गोदावरीलाही आल्या. भिंतीच्या बोर्डाला दोनच भोकं आहेत म्हणून प्लगची तिसरी पिन मी मागेच कापून टाकली होती, तिचा याच्याशी संबंध असल्याचं ती म्हणते. दमट हवेत असं होतं, असं समजावलं.

८ जुलै
टेस्टर आणला. कॅबिनेटच्या पत्र्याला लावला तर लाल दिवा लागला. टेस्टर चांगला आहे.

९ जुलै, रविवार
नवी पद्धत. गोदावरी बटन दाबून धरते, मी टाइप करतो. पायाखाली पाट घेऊन बसली, मुंग्यांसाठी. दीड तासात चार अर्ज. कुकरची शिट्टी झाली आणि ती उठली. मात्र मी सेव्ह केलेलं होतं. शिस्त लागते आहे.
सगळे झाले की एकदम छापायचं ठरवलं. सुटे छापलेले बरे दिसत नाहीत.

१० जुलै
गोदावरीने पुन्हा बटन धरायला नकार दिला. कॅबिनेटकडे बघून मागे सरकली. माहेरच्या कोणाला तरी भीती असते, तीच हिच्यात आली असावी.
दुपारी देवमन आला. सत्तावीस जणांच्या वतीने तोच येतो. माझ्याकडे वीस वर्षं येतो आहे, फेरफार असो की रेशनकार्ड. झालं काय विचारलं. नऊ झाले म्हणालो. तो म्हणाला, "भाऊ, हातानंच लिहून द्या ना. साहेब येऊन वावर पाहीन तवाच आमाले दुसरं काही पेरता येईन." मी सांगितलं की टाइप केलेल्या अर्जाचं वजन वेगळं. ते त्याला पटलं. निदान तो चपला घालून निघाला.

११ जुलै
देवमन पुन्हा आला. भिजलेला, अनवाणी, चपला दाराशी. आता बटन तो धरतो. न हलता दोन तास. असा माणूस मिळणं भाग्य. मध्ये एकदा हात झटकला आणि "चावते" एवढंच म्हणाला. मी त्याला पाटावर बसवलं. माझी माणसांची काळजी घेण्याची पद्धत अशी आहे. एकूण चौदा अर्ज.

१२ जुलै
ट्यूबलाइट मंद होते आणि पुन्हा उजळते. कॅबिनेटमागून जळक्या रबरासारखा वास. शेजारी काहीतरी जाळत असावेत. एकूण एकोणीस.

१३ जुलै, गुरुवार
इमरान खरंच आला. दारातूनच वास घेतला, पत्र्याला टेस्टर लावला आणि प्लग स्वतः काढून टाकला. नवं बटन आणायला सोमवार उजाडेल, तोवर हे चालू करू नका म्हणाला. गोदावरीला वेगळं बोलावूनही तेच सांगितलं. हा अपमान. सोमवारी तर सतरा तारीख.
निर्णय : उद्या बटनच काढून टाकायचं. वायरी थेट जोडायच्या. काळी, तपकिरी, निळी, पांढरी. कोणाची जोडी कोणाशी, हे इमरानने सांगितलं नाही, पण तर्काने निघतं.

१४ जुलै, सकाळी ११
गोदावरी बाजारात गेली. देवमन आला आहे. लाईन तीनला येणार, वेळापत्रकात छापलेलं आहे, म्हणजे चार तास पूर्ण सुरक्षित. प्लग लावला, बोर्डाचं बटनही चालूच ठेवलं. लाईन आल्याबरोबर मशीन चालू झालेलं कळेल.

१४ जुलै, संध्याकाळी. अकोला, सरकारी दवाखाना.
लाईन सव्वाबाराला आली.
वायरी मी पिळल्या होत्या. टेप गुंडाळायची होती, कात्री सापडेना. जोड पत्र्याला लागू नये म्हणून देवमनला धरायला सांगितला. कात्री घ्यायला मी आत गेलो. आवाज झाला. निळा उजेड भिंतीवर मला आतल्या खोलीतून दिसला.
तो भिंतीशी पडला होता. उजवा तळवा काळा. डोळे उघडे. मी नाव घेतलं तर म्हणाला, "आमचे अर्ज गेले काय?"
काळीपिवळी जीपने आणला. जिवाला धोका नाही. दोन बोटं राहतील की नाही ते डॉक्टर आठवड्याने सांगतील.

१५ जुलै
हार्ड डिस्क जळाली. एकोणीस अर्ज. छापलेला एकही नाही.
दवाखान्यात कागद मागितला, अपघात कसा झाला ते लिहून सोमवारपर्यंत द्या. अशा कागदाला भाषा लागते, मी देवमनच्या वतीने लिहून काढला. "अर्जदाराने कोणीही न सांगता, स्वतःच्या निष्काळजीपणाने यंत्राच्या अंतर्भागात हात घातला." यात खोटं असं काही नाही, हात त्याचाच होता. देवमनने ऐकायला मागितलं नाही. डाव्या हाताचा अंगठा उठवला. वीस वर्षं असाच उठवतो.

१६ जुलै, रविवार
सकाळी गावातून माणसं आली. ओसरीत उभी राहिली. मला कोणी काही विचारलं नाही. गोदावरीने सतरंजी टाकली, कोरे कागद घेतले आणि एकेकाला नाव विचारत लिहायला बसली. गट नंबर, पेरणीची तारीख, बियाण्याच्या पिशवीवरचा नंबर, उगवलं नाही. सहा ओळींचा अर्ज. माझा दोन पानांचा होत असे. मी कार्बन लावून देत होतो. संध्याकाळी सत्तावीस झाले.

१७ जुलै, सोमवार
कृषी कार्यालयातल्या बाईंनी सत्तावीस अर्जांवर शिक्के मारले. टाइप का केले नाहीत, हे विचारलं नाही. पाहणी बुधवारी.
तिथून गोदावरी आणि मी अकोल्याला. एस.टी.त तिने माझ्या पिशवीतला कागद काढून वाचला. दोनदा वाचला. पातूर फाट्यापासून दवाखान्यापर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती.
देवमनच्या खाटेशी बसून तिने तो कागद मोठ्याने वाचला. निष्काळजीपणाने, इथे थांबली. म्हणाली, "देवमनभाऊ, असं झालं का?"
देवमन माझ्याकडे बघत नव्हता. म्हणाला, "वैनी, भाऊनं लिवलं तं बरोबरच असन."
तिने कागद फाडला. माझ्याकडून पेन घेतलं. चार ओळी लिहिल्या : मशीन कोणाचं, बंद ठेवा असं कोणी सांगितलं होतं, वायरी कोणी जोडल्या, धरायला कोणी सांगितलं. देवमनला वाचून दाखवल्या. मग माझ्यापुढे धरल्या.
पर्यायी मजकूर मला सुचत होता. "तांत्रिक कारणास्तव" हा शब्द तर अगदी ओठावर आला होता.
सही केली. वाचून केली.